विश्लेषण : प्रोजेक्टर ‘फोर-के’, पण भिंतीवरचे चित्र नेमके किती? इनपुट सिग्नल असा तपासा

हॉलमधले दिवे मालवले, पडदे ओढून घेतले, भिंतीवर शंभर इंची चित्र उमटले आणि पहिल्या दहा मिनिटांतच घरातून कुणीतरी विचारले, ‘हे आपल्या टीव्हीपेक्षा पुसट नाही का दिसत?’ नवा प्रोजेक्टर घेतलेल्या अनेक घरांत हा प्रश्न पहिल्याच रात्री येतो. खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलेले असते, स्टिकवरही ‘फोर-के’ असते, ओटीटीचे पैसे दर महिन्याला खात्यातून जात असतात. तरी चित्रात धार नसते.

अशा वेळी बहुतेक जण दोन टोकांपैकी एक गाठतात. एक तर प्रोजेक्टर खराब म्हणून परत पाठवतात किंवा ‘मोठ्या चित्रात एवढे चालायचेच’ म्हणून गप्प बसतात. दोन्हींत नुकसान आहे. दोष एखाद्या सेटिंगचा असेल तर चांगले यंत्र परत जाते. दोष यंत्राचाच असेल तर परत करण्याची काही दिवसांची मुदत हातची निघून जाते. यातले नेमके काय घडते आहे, हे कळण्यासाठी तंत्रज्ञ बोलवावा लागत नाही. प्रोजेक्टरच्या मेन्यूत एक पान असते आणि त्यावरची एक ओळ बरेच काही सांगून जाते. ती ओळ म्हणजे इनपुट सिग्नलचे रिझोल्यूशन.

इनपुट सिग्नलचे रिझोल्यूशन म्हणजे काय?

डिजिटल चित्र पिक्सेल नावाच्या बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनते. आडवे किती आणि उभे किती, हा हिशेब म्हणजे रिझोल्यूशन. एचडी म्हणजे १२८०×७२०, साधारण ९ लाख २१ हजार पिक्सेल. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०, सुमारे २० लाख ७३ हजार. घरगुती फोर-के म्हणजे ३८४०×२१६०, जवळपास ८३ लाख. म्हणजे फोर-के हे फुल एचडीच्या दुप्पट नाही, चौपट आहे.

गोंधळ होतो तो इथून पुढे, कारण घरातल्या एकाच चित्रामागे असे तीन वेगवेगळे आकडे असतात.

पहिला आकडा मजकुराचा. सिनेमा, मालिका किंवा सामना मुळात कोणत्या रिझोल्यूशनमध्ये तुमच्या घरापर्यंत पोहोचतो आहे, तो.

दुसरा आकडा इनपुट सिग्नलचा. स्टिक, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप किंवा गेमिंग कन्सोल केबलमधून प्रोजेक्टरला काय पाठवतो आहे, तो.

तिसरा आकडा पॅनेलचा. प्रोजेक्टरच्या आत चित्र घडवणाऱ्या चिपवर प्रत्यक्षात किती पिक्सेल आहेत, तो. याला ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन म्हणतात.

भिंतीवर दिसणारा खरा तपशील या तिघांतल्या सर्वांत लहान आकड्याएवढाच असतो. मजकूर फोर-के, सिग्नल फोर-के, पण पॅनेल ७२०चे असेल तर दिसणार ७२०. पॅनेल आणि सिग्नल दोन्ही फोर-के, पण ओटीटीचा प्लॅन ७२०पीचा असेल तरी दिसणार तेवढेच. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून तपासणी करायची ती तिन्ही आकड्यांची. सुरुवात मात्र मधल्या आकड्यापासून करावी, कारण तो प्रोजेक्टर स्वतःच सांगतो.

प्रोजेक्टरमध्ये हा आकडा कुठे सापडतो?

आधी एक काळजी घ्यायची. ज्या यंत्रावरून सिनेमा पाहता तेच जोडलेले असू द्या आणि सिनेमा चालू असतानाच मेन्यू उघडा. काही स्टिक आणि प्लेयर मुख्य पानावर एक रिझोल्यूशन पाठवतात आणि चित्रपट सुरू झाला की दुसरे. नुसत्या मुख्य पानावर तपासले तर निष्कर्ष चुकू शकतो.

मग रिमोटवरचे मेन्यूचे बटण दाबा आणि ‘इन्फर्मेशन’, ‘इन्फो’ किंवा ‘अबाउट’ अशा नावाचे पान शोधा. ते बहुधा मेन्यूच्या शेवटी असते. एप्सनच्या प्रोजेक्टरमध्ये ‘प्रोजेक्टर इन्फो’ या पानावर सोर्स, इनपुट सिग्नल, रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट अशा ओळी दिसतात. तिथले रिझोल्यूशन हे येणाऱ्या सिग्नलचे असते, पॅनेलचे नाही. बेनक्यूच्या अनेक मॉडेलांत ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ आणि ‘डिटेक्टेड रिझोल्यूशन’ अशा दोन ओळी वेगवेगळ्या असतात. पहिली पॅनेलची, दुसरी सिग्नलची. ऑप्टोमामध्येही ‘इन्फो’च्या पानावर सोर्स आणि रिझोल्यूशन सापडते. काही यंत्रांत इनपुट बदलल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात हाच आकडा काही सेकंद झळकून जातो.

प्रोजेक्टरमध्येच अँड्रॉइड असेल आणि सिनेमा त्यातल्याच अ‍ॅपवरून चालू असेल तर बाहेरून एचडीएमआय सिग्नल येतच नाही. त्यामुळे हे पान रिकामे दिसू शकते. अशा वेळी लॅपटॉप किंवा स्टिक जोडून तपासणी करावी.

पानावरच्या ओळी कशा वाचायच्या?

‘३८४०×२१६०’ किंवा ‘२१६०पी’ दिसले तर सिग्नल फोर-के आहे. ‘१९२०×१०८०’ किंवा ‘१०८०पी’ म्हणजे फुल एचडी. ‘४०९६×२१६०’ दिसले तर घाबरायचे कारण नाही, ते चित्रपटगृहांचे फोर-के मोजमाप आहे आणि काही लॅपटॉप तेच निवडतात. घरच्या सिनेमासाठी ३८४०×२१६० योग्य.

आकड्यापुढचे ‘पी’ आणि ‘आय’ ही अक्षरेही महत्त्वाची. ‘पी’ म्हणजे प्रत्येक चित्र पूर्ण येते. ‘आय’ म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी अर्धी चित्रे येतात आणि प्रोजेक्टर ती जोडतो. भारतातल्या बहुतांश एचडी वाहिन्या १०८०आय स्वरूपात येतात. म्हणून सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर ‘१०८०आय, ५० हर्ट्झ’ दिसले तर तो बिघाड नाही. पण तिथे ‘५७६’ दिसले तर मात्र बॉक्सची सेटिंग जुन्या टीव्हीच्या काळातली राहिली आहे. एचडी वाहिनीचे पैसे भरूनही चित्र साधेच येते ते यामुळे.

रिफ्रेश रेटची ओळ सेकंदाला किती चित्रे येतात ते सांगते. सिनेमे मुख्यतः २४ चित्रांचे असतात, त्यामुळे चित्रपट चालू असताना ‘२४ हर्ट्झ’ दिसणे ही चांगली खूण आहे. स्टिक सगळे काही ६० वर पाठवत असेल तर कॅमेरा सावकाश फिरतो त्या दृश्यांत चित्र अडखळते. अनेक स्टिक आणि प्लेयरमध्ये मजकुराप्रमाणे फ्रेम रेट बदलण्याची सोय असते, ती सुरू करावी.

काही यंत्रांत रंगांची ओळही असते : ४:४:४, ४:२:२ किंवा ४:२:०. रंगाची माहिती किती दाटीने पाठवली जाते त्याचे हे मोजमाप. सिनेमासाठी ४:२:० पुरते, कारण ओटीटी आणि ब्लू-रेवरचा मजकूर मुळात तसाच साठवलेला असतो. लॅपटॉपवरची बारीक रंगीत अक्षरे वाचायची असतील तर ४:४:४ हवे.

फोर-के यंत्रावर १०८० का दिसते?

स्टिक आणि प्रोजेक्टर जोडले की चित्र येण्याआधी दोघांची ओळख परेड होते. ‘मला अमुक अमुक रिझोल्यूशन चालते’ असे ओळखपत्र प्रोजेक्टर पाठवतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. ते वाचून स्टिक काय पाठवायचे ते ठरवते. या दोघांच्या मध्ये जे जे बसलेले असते, म्हणजे केबल, स्प्लिटर, ऑडिओ रिसीव्हर, ते सगळे या व्यवहारात भाग घेतात. पाणी कुठे मुरते ते शोधायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी इन्फोचे पान पाहायचे.

पाठवणाऱ्या यंत्राची सेटिंग : सर्वांत आधी हीच पाहावी. फायर टीव्हीवर सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले अँड साउंड्स’, त्यात ‘डिस्प्ले’ आणि ‘व्हिडिओ रिझोल्यूशन’. गूगल टीव्हीवर ‘डिस्प्ले अँड साउंड’मध्ये रिझोल्यूशन. अ‍ॅपल टीव्हीवर ‘व्हिडिओ अँड ऑडिओ’मध्ये ‘फॉरमॅट’. जुन्या टीव्हीला जोडलेली स्टिक प्रोजेक्टरला लावली की जुनीच निवड कायम राहिलेली असू शकते.

विंडोज लॅपटॉपवर ‘डिस्प्ले’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ पानावर ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड’ असे दोन आकडे मिळतात. हे दोन वेगळे असले तर लॅपटॉप एक चित्र तयार करतो आणि ताणून दुसरे पाठवतो, असा अर्थ. दोन्ही सारखे हवेत.

पोर्ट : सर्व एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. एचडीएमआय १.४ची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट, त्यावर फोर-के ३० चित्रांपर्यंतच जाते. एचडीएमआय २.०ची क्षमता १८ गिगाबिट, त्यावर फोर-के ६० चालते. काही प्रोजेक्टरांत एक पोर्ट २.०चा आणि शेजारचा १.४चा असतो. दिसायला दोन्ही एकसारखे. माहितीपुस्तिकेत कोणता पोर्ट फोर-केचा ते लिहिलेले असते, तोच वापरावा.

पोर्टची सेटिंग : योग्य पोर्ट असूनही तो कमी क्षमतेवर ठेवलेला असू शकतो. प्रोजेक्टरच्या किंवा रिसीव्हरच्या मेन्यूत एचडीएमआयसाठी ‘स्टँडर्ड’ आणि ‘एन्हान्स्ड’, किंवा ‘नॉर्मल’ आणि ‘एक्सपान्डेड’ असे पर्याय असतात. दुसरा पर्याय निवडला की ओळखपत्रावरची यादी वाढते आणि स्टिकला फोर-के ६० किंवा एचडीआर दिसू लागते.

कॉपी संरक्षण : ओटीटीचा आणि ब्लू-रेचा फोर-के मजकूर एचडीसीपी २.२ या कुलपातून जातो. स्टिकपासून प्रोजेक्टरपर्यंतच्या प्रत्येक यंत्राकडे या कुलपाची किल्ली लागते. मधला जुना रिसीव्हर किंवा स्वस्त स्प्लिटर ती बाळगत नसेल तर स्टिक मुकाट्याने १०८०वर उतरते, नाही तर पडदा काळा होतो. लॅपटॉपचा डेस्कटॉप फोर-के दिसतो आणि ओटीटी लावले की चित्र गायब, असे झाले तर संशयित हाच. मधले यंत्र काढून स्टिक थेट प्रोजेक्टरला जोडली की उत्तर लगेच मिळते.

केबल : दुकानात सर्वांत जास्त बोलबाला केबलचा असतो, पण तिच्या दोषाची तऱ्हा वेगळी आहे. डिजिटल केबल कमी पडली तर चित्र थोडेसे मऊ किंवा फिकट होत नाही. चमकते ठिपके दिसतात, चित्र लुकलुकते, मध्येच काही सेकंद पडदा काळा होतो. फोर-के ६० साठी लागणारे १८ गिगाबिट साध्या तांब्याच्या केबलमधून काही मीटर नीट जातात. छतावर लावलेल्या प्रोजेक्टरसाठी भिंतीतून दहा-पंधरा मीटर केबल न्यायची असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेले टोक स्टिककडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले टोक प्रोजेक्टरकडे. उलटी लावली तर चित्रच येत नाही. म्हणून भिंतीत गाडण्याआधी जमिनीवर पसरून, फोर-के सिनेमा लावून, इन्फोचे पान पाहून घ्यावे. प्लास्टर झाल्यावर ही चूक महागात पडते.

आकडा ‘२१६०’ दिसतो, तरीही चित्र धूसर का?

सर्वांत फसवा प्रकार हाच. अनेक स्टिक फोर-के सेटिंगवर ठेवल्या की सगळा मजकूर स्वतः ताणून फोर-के करतात आणि मग पाठवतात. जुना ४८०पीचा व्हिडिओ लावला तरी प्रोजेक्टरला ३८४०×२१६०चाच सिग्नल मिळतो. इन्फोचे पान खोटे बोलत नसते. सिग्नलच्या पिशवीचे माप ते सांगते, पिशवीत काय भरले आहे ते त्याला कळत नाही.

मजकुराचा आकडा अ‍ॅपमध्ये शोधावा लागतो. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय असतो. तो लावला की या क्षणी कोणते रिझोल्यूशन चालू आहे ते पडद्यावर दिसते. नेटफ्लिक्सवर भारतातला बेसिक प्लॅन ७२०पीचा, स्टँडर्ड १०८०पीचा आणि फोर-के फक्त प्रीमियममध्ये आहे. शिवाय फोर-केसाठी किमान १५ एमबीपीएस वेग लागतो, असे नेटफ्लिक्सच सांगते. राउटर बेडरूममध्ये आणि प्रोजेक्टर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मोबाइलवर दिसणारा वेग स्टिकपर्यंत पोहोचतोच असे नाही.

यातही एक पोटभेद आहे. अँड्रॉइड यंत्रांना ‘वाइडवाइन’ नावाचे प्रमाणपत्र असते. ‘एल-१’ दर्जा असेल तर ओटीटी अ‍ॅप एचडी आणि त्यापुढचे चित्र देते. ‘एल-३’ असेल तर नेटफ्लिक्स ४८०पीवरच थांबते, प्लॅन कितीही महाग असो. स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टरवर अ‍ॅप चालते पण चित्र पुसट येते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. उपाय सोपा आहे. नावाजलेल्या कंपनीची प्रमाणित स्टिक एचडीएमआयला जोडायची आणि आतले अ‍ॅप वापरायचे नाही. फोनची स्क्रीन वायरलेस पद्धतीने प्रोजेक्टरवर पाठवत असाल तर तेही टाळावे. तिथे चित्र नव्याने दाबून पाठवले जाते.

दुसरा चोर म्हणजे कीस्टोन. प्रोजेक्टर तिरका ठेवला की चित्र एका बाजूला रुंद होते. ते चौकोनी दिसावे म्हणून यंत्र चित्र आतल्या आत दाबते. ‘ऑटो कीस्टोन’ ही सोय म्हणून जाहिरातीत मिरवली जाते, पण ती वापरली की पॅनेलच्या कडेचे काही पिक्सेल रिकामे राहतात आणि उरलेल्यांत सगळे चित्र कोंबले जाते. इन्फोच्या पानावर आकडा तोच राहतो, धार मात्र जाते. शक्य असेल तर प्रोजेक्टर पडद्याच्या समोर सरळ रेषेत ठेवावा आणि कीस्टोन शून्यावर आणावे. ‘डिजिटल झूम’ आणि ‘ओव्हरस्कॅन’ हेही बंद करावे. लेन्सचा झूम मात्र बिनधास्त वापरावा, त्याने पिक्सेल वाया जात नाहीत.

आणि हो, लेन्सवरची धूळ आणि फोकस. हे सर्वांत शेवटी आठवते, पण तपासायला सर्वांत स्वस्त आहे.

‘सपोर्टेड’ आणि ‘नेटिव्ह’ यांतला फरक काय?

आता तिसरा आकडा, पॅनेलचा. खरेदीत फसगत होते ती मुख्यतः इथे. ‘फोर-के सपोर्टेड’ याचा अर्थ फोर-के सिग्नल दिला तर यंत्र तो नाकारणार नाही, एवढाच. आत घेतल्यावर ते चित्र आपल्या पॅनेलच्या मापात दाबून बसवते. पॅनेल १२८०×७२०चे असेल तर ८३ लाख पिक्सेलपैकी ९ लाखांच्या मापाचे चित्र भिंतीवर जाते. म्हणून अशा यंत्राच्या इन्फो पानावर ‘३८४०×२१६०’ अगदी खरे दिसते आणि तरीही ते फोर-के नसते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत काय आहे ते सोडून तपशिलात ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’ शोधावे. तो शब्दच कुठे नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारावे.

यंत्र घरी आले असेल तर एक साधी चाचणी आहे. लॅपटॉप जोडा, रिझोल्यूशन १९२०×१०८० आणि स्केलिंग १०० टक्के ठेवा, कीस्टोन बंद करा. एक पिक्सेल काळी आणि एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचा १९२०×१०८० मापाचा टेस्ट पॅटर्न पूर्ण पडद्यावर लावा आणि भिंतीजवळ जाऊन पाहा. पॅनेल खरोखर १०८०चे असेल तर सगळीकडे सारख्या, बारीक रेघा दिसतील. पॅनेल त्याहून लहान असेल तर रेघा मिसळून राखाडी पट्टे किंवा लाटांसारखी नक्षी दिसेल. पॅनेलवर नसलेला पिक्सेल कोणत्याही सॉफ्टवेअरला दाखवता येत नाही.

चांगल्या कंपन्यांच्या फोर-के यंत्रांतही प्रकार आहेत, ते समजून घेतलेले बरे. सोनीने २०११ मध्ये आणलेल्या व्हीपीएल-व्हीडब्ल्यू१०००ईएस या होम थिएटर प्रोजेक्टरच्या पॅनेलवर खरोखर ४०९६×२१६० पिक्सेल होते. तेव्हा आणि आताही असे पॅनेल महाग पडते. म्हणून परवडणाऱ्या डीएलपी फोर-के प्रोजेक्टरांत बहुधा ०.४७ इंची चिप असते. तिच्यावर मुळात १९२०×१०८० आरसे असतात आणि प्रत्येक चित्र विजेच्या वेगाने चार जागी सरकवून ८३ लाख पिक्सेल उमटवले जातात. एप्सनच्या ‘फोर-के प्रो-यूएचडी’ यंत्रांतही पिक्सेल सरकवण्याचे तंत्र आहे. ही फसवणूक नव्हे. सरकवलेल्या पिक्सेलचे चित्र १०८०पेक्षा स्पष्ट दिसते, फक्त एक पिक्सेल रुंदीच्या फोर-के रेघा त्यात तितक्या कोरीव येत नाहीत. ७२०च्या पॅनेलवर ‘फोर-के’चा शिक्का मारणे ही मात्र वेगळी गोष्ट.

प्रत्येक घराला फोर-के लागतेच का?

हा प्रश्न टेपने सुटतो. सामान्य चांगल्या दृष्टीला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. शंभर इंची चित्राची रुंदी सुमारे २२१ सेंटीमीटर. फुल एचडीत त्यातला एक पिक्सेल १.१५ मिलिमीटरचा होतो आणि साधारण १३ फुटांपर्यंत तो वेगळा जाणवू शकतो. ७२०च्या पॅनेलचा पिक्सेल १.७३ मिलिमीटरचा, तो जवळपास साडेएकोणीस फुटांपर्यंत. फोर-केचा पिक्सेल ०.५८ मिलिमीटरचा, तो दिसायला साडेसहा फुटांच्या आत यावे लागते.

आता सोफा कुठे आहे ते मोजा. दहा-अकरा फुटांवर असेल तर ७२०चे यंत्र शंभर इंचांवर पुसट दिसणारच. फुल एचडी काठावर चालेल आणि फोर-केचा फरक कळेल. सोफा तेरा-चौदा फुटांवर असेल तर खरे फुल एचडी पॅनेल आणि नीट सिग्नल यांत बहुतेकांचे समाधान होते. पहिल्या रात्रीच्या त्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ४३ इंची फुल एचडी टीव्हीचा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा असतो, साडेपाच-सहा फुटांपलीकडून तो दिसत नाही. तोच सिग्नल शंभर इंचांवर गेला की प्रत्येक उणीव सव्वादोनपट मोठी होते. टीव्हीवर खपून गेलेला ७२०पीचा प्लॅन प्रोजेक्टर उघडा पाडतो.

दावा खोटा निघाला तर?

आधी पुरावा जमवा. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, खोक्यावरच्या मजकुराचे छायाचित्र, बिल, इन्फोच्या पानाचे आणि टेस्ट पॅटर्नचे छायाचित्र. परत करण्याची मुदत संपायच्या आत लेखी तक्रार नोंदवा आणि ‘चित्र खराब आहे’ असे मोघम न लिहिता ‘नेटिव्ह रिझोल्यूशन अमुक लिहिले होते, प्रत्यक्षात तमुक आहे’ असे लिहा. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची स्पष्ट व्याख्या आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही. मात्र पॅनेल फोर-के असेल आणि इन्फोच्या पानावर १०८० दिसत असेल तर तक्रार करण्याआधी पोर्ट आणि सेटिंग एकदा पाहा. तो खटला घरातल्या घरातच निकाली निघतो.

थोडक्यात, क्रम कोणता?

१. सिनेमा चालू ठेवून प्रोजेक्टरचे इन्फो पान उघडा आणि सिग्नलचे रिझोल्यूशन व रिफ्रेश रेट टिपून घ्या.

२. आकडा अपेक्षेपेक्षा कमी असेल तर स्टिकची सेटिंग, पोर्ट, पोर्टचा मोड, मधली यंत्रे आणि केबल या क्रमाने एकेक गोष्ट बदला. दर वेळी पान पुन्हा पाहा.

३. आकडा बरोबर असेल तर अ‍ॅपमधले रिझोल्यूशन, ओटीटीचा प्लॅन आणि इंटरनेटचा वेग तपासा.

४. तेही बरोबर असेल तर कीस्टोन, डिजिटल झूम आणि ओव्हरस्कॅन बंद करून लेन्स पुसा, फोकस जुळवा.

५. तरीही धार नसेल तर टेस्ट पॅटर्न लावून पॅनेलचा आकडा पडताळा आणि तो जाहिरातीतल्या आकड्याशी ताडून पाहा.

या सगळ्याला एक सुट्टीची दुपार पुरते. प्रोजेक्टर घरी आला त्याच आठवड्यात ती काढावी, कारण परत करण्याची मुदत त्याच दिवसापासून चालू झालेली असते.